घरच्या बागेतील झाडे ओळखण्यासाठी आणि त्यांची निगा राखण्यासाठी कोणते अ‍ॅप निवडावे?

कुंडीतले_हिरवे, पाथर्डी फाटा

नमस्कार. यंदा आम्ही पाथर्डी फाट्याजवळच्या एका इमारतीत सर्वांत वरच्या मजल्यावर राहायला आलो. आधीच्या मालकांनी जाताना गच्चीवरील आणि पूर्वेकडच्या बाल्कनीतील सगळ्या कुंड्या आमच्यासाठी ठेवून दिल्या. तुळस, कढीपत्ता, जास्वंद आणि कागदी लिंबू ही झाडे घरात सर्वांनाच ओळखता येतात, परंतु उरलेल्या कुंड्यांतील बऱ्याच झाडांची नावे आम्हाला माहीत नाहीत, आणि नावच माहीत नसल्यामुळे कोणाला किती पाणी द्यावे, कोणाला उन्हात ठेवावे आणि कोणाला सावलीत न्यावे हे ठरवता येत नाही.

यासाठी मोबाईलवर काही अ‍ॅप उतरवून पाहिली. पांढऱ्या दुहेरी फुलांच्या एकाच झुडपाला एका अ‍ॅपने अनंत म्हटले, दुसऱ्याने तगर आणि तिसऱ्याने मोगरा. लिंबाच्या आकसलेल्या पानांचा फोटो दिला तेव्हा एका अ‍ॅपने विषाणूजन्य रोग असल्याचे सांगितले आणि उपचार वाचण्यासाठी वर्षाची वर्गणी भरण्यास सुचवले. त्या वेळेपासून मी कोणत्याही अ‍ॅपला पैसे देण्याआधी माहितगारांना विचारायचे ठरवले आहे.

आमची गरज साधी आहे. झाडाची ओळख शक्य तितकी खात्रीची असावी, निगेची माहिती नाशिकच्या हवेला लागू पडणारी असावी आणि मराठीत मिळाली तर फारच चांगले, कारण दिवसा आम्ही दोघेही कामावर असतो आणि झाडांचे सगळे सासूबाई पाहतात. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. शिवाय घरात चार वर्षांची मुलगी आणि एक मांजर आहे, त्यामुळे एखादे झाड विषारी असेल तर तेही कळायला हवे. ही सर्व कामे करणारे एकच अ‍ॅप आहे का, आणि असल्यास त्यासाठी पैसे मोजावेत का?

निवृत्त_शिक्षक, गंगापूर रोड

ताई, प्रश्न नेमका विचारलात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. माझे आयुष्य वनस्पतिशास्त्र शिकवण्यात गेले आहे आणि ही अ‍ॅप मी विद्यार्थ्यांसोबत सह्याद्रीत आणि शहरातील बागांत, दोन्हीकडे वापरली आहेत. झाड ओळखणे आणि झाड जगवणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्या कामात आजची अ‍ॅप खरोखर उपयोगी पडतात. दुसऱ्या कामात ती फार मर्यादित आहेत, आणि वर्गणी मात्र बहुतेक वेळा दुसऱ्याच कामासाठी मागितली जाते. दोन्हींसाठी एकच अ‍ॅप शोधू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ओळखीसाठी मी प्रथम प्लांटनेट सुचवेन. फ्रान्समधील संशोधन संस्थांनी २००९ मध्ये हा प्रकल्प सुरू केला आणि २०१३ मध्ये त्याचे मोबाईल अ‍ॅप आले. ते मोफत आहे. त्यात फोटो देताना तो पानाचा आहे, फुलाचा, फळाचा की सालीचा हे सांगता येते आणि एकाच झाडाचे अनेक फोटो एकत्र देता येतात. या दोन सोयींमुळे फार फरक पडतो. एका पानाच्या फोटोवरून शेकडो झुडपे सारखीच दिसतात, पण फुलाची पुढची बाजू, देठाकडची बाजू, पानांची फांदीवरची मांडणी आणि सालीचा पोत हे सगळे एकत्र आले की शक्यता पटापट गळून पडतात. उत्तरही ते एकच देत नाही. संभाव्य नावांची उतरत्या विश्वासाने मांडलेली यादी देते आणि प्रत्येक नावाखाली इतरांनी काढलेले फोटो दाखवते. पहिल्या नावावर न थांबता ते फोटो आपल्या झाडाशी ताडून पाहण्याची सवय लावून घ्या.

आयनॅचरलिस्ट हे दुसरे नाव आपल्या वाचनात येईलच. २००८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून ते उभे राहिले आणि आता ती स्वतंत्र ना-नफा संस्था आहे. तेथे यंत्राने सुचवलेले नाव माणसे तपासतात; किमान दोघांनी नाव दिले आणि दोन-तृतीयांशांहून अधिक जणांचे एकमत झाले, तर ती नोंद संशोधनयोग्य धरली जाते. मात्र ते प्रामुख्याने रानात आपोआप वाढलेल्या जीवांसाठी आहे. कुंडीतील झाडाची नोंद लागवडीखालील म्हणून करावी लागते, तिला संशोधनयोग्य दर्जा मिळत नाही आणि जाणकारही तिच्याकडे क्वचितच वळतात. म्हणून गच्चीवरील झाडांसाठी त्याचा आग्रह धरू नये. पांडवलेणीच्या टेकडीवर फिरायला गेल्यावर मात्र ते अवश्य वापरावे. त्यांचेच सीक नावाचे दुसरे अ‍ॅप आहे, त्यात खाते उघडावे लागत नाही आणि कॅमेरा झाडावर धरला की कुळ, प्रजाती, जाती अशा क्रमाने उत्तर स्पष्ट होत जाते. मुलीला घेऊन बागेत जाताना ते हाती द्यायला चांगले आहे.

गुगल लेन्स जवळजवळ प्रत्येक मोबाईलमध्ये असते आणि नर्सरीत मिळणाऱ्या नेहमीच्या शोभेच्या झाडांसाठी ते बरेचदा बरोबरही ठरते, परंतु ते जालावरील सारख्या दिसणाऱ्या चित्रांवरून उत्तर देते. विक्रीच्या संकेतस्थळांवर चुकीच्या नावाने टाकलेली चित्रेही त्यात येतात, म्हणून त्याचे उत्तर शोधाची सुरुवात एवढेच मानावे.

आता आपल्या पांढऱ्या फुलांच्या झुडपाविषयी. अनंत, दुहेरी तगर आणि बट मोगरा यांची फुले फोटोत एकमेकांसारखी दिसू शकतात, हे खरे आहे. पण एक कोवळे पान देठापासून तोडून पाहा. तुटलेल्या जागी पांढरा चीक आला तर ती तगर आहे, कारण ती करवीर कुळातील आहे आणि त्या कुळात चीक असतो. चीक आला नाही आणि समोरासमोरच्या दोन पानांच्या देठांमध्ये, फांदीला चिकटून, लहान त्रिकोणी पापुद्रा दिसला तर तो अनंत आहे; त्याची पाने जाड, गडद आणि चकचकीत असतात. चीकही नाही, पापुद्राही नाही आणि पान पातळ असेल तर मोगरा समजावा. मोबाईलच्या कॅमेऱ्याला चीक दिसत नाही, पानाचा वास येत नाही आणि पान हाताला खरखरीत लागते की मऊ हेही कळत नाही. झाड ओळखताना आपण नकळत वापरतो ती अर्धी लक्षणे फोटोत उतरतच नाहीत, आणि यंत्राला फक्त त्याला आधी दाखवलेल्या फोटोंशी तुलना करता येते.

पान तोडून पाहिल्यावर येथे कळवा. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका आणि हात धुवा.

मखमलाबादची_रोपवाटिका

सरांनी ओळखीविषयी लिहिले आहे, मी निगेविषयी लिहितो, कारण आमच्या रोपवाटिकेत दर आठवड्याला कोणी ना कोणी मोबाईल दाखवून विचारते की अ‍ॅप सांगते तसे सगळे केले तरी झाड का गेले.

निगा सांगणाऱ्या बहुतेक अ‍ॅपमधील मजकूर थंड देशांतील, बंद घरांत ठेवलेल्या झाडांसाठी लिहिलेला असतो. तेथे हिवाळ्यात घर तापवलेले असते, बाहेर ऊन नसते आणि वाढीचा हंगाम मार्चनंतर सुरू होतो. नाशिकमध्ये एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो, गच्चीवरील फरशी त्याहून तापते आणि लहान कुंडीला सकाळ-संध्याकाळ पाणी लागते. जून ते सप्टेंबर पाऊस, त्यात हवा दमट, माती ओली आणि ऊन नाही. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान दहा अंशांखाली उतरते, पण दुपारी ऊन कडक असते. अशा ठिकाणी ‘दर सात दिवसांनी पाणी’ हा रिमाइंडर मे महिन्यात झाड वाळवतो आणि जुलैमध्ये मूळ कुजवतो. पाण्याचा निर्णय बोटाने घ्यावा: मातीत दोन पेरे बोट घालावे, आत कोरडे लागले तर पाणी द्यावे, ओले लागले तर थांबावे. अडेनियम, कोरफड, स्नेक प्लांट यांना तर पूर्ण कोरडे झाल्याशिवाय देऊ नये, आणि अडेनियमची कुंडी पावसाळ्यात छपराखाली घ्यावी, नाहीतर त्याचा फुगीर बुंधा आतून मऊ पडतो.

हंगामाचा गोंधळ छाटणीतही होतो. मोगऱ्याची छाटणी आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत करतात, त्याआधी पाणी कमी करतात, आणि मग मार्चपासून कळ्या धरतात. परदेशी वेळापत्रकात मोगरा असला तरी हा क्रम क्वचितच सापडतो. कुंडी बदलायलाही त्यांच्याकडे वसंत ऋतू सांगतात. आपल्याकडे उन्हाचा तडाखा संपून पावसाची सुरुवात झाली की ते काम करावे, तेव्हा रोप लवकर सावरते.

मातीही पाहा. आपल्याकडे काळी माती सहज मिळते म्हणून पुष्कळ जण कुंडीत नुसती तीच भरतात. ती ओली असताना चिखल होते आणि वाळली की आक्रसून कुंडीच्या कडेला फट पडते. मग दिलेले पाणी त्या फटीतून थेट खाली जाते आणि मुळे कोरडीच राहतात. वरून पाहणाऱ्याला वाटते पाणी खालून निघाले म्हणजे पोहोचले. आधीच्या मालकांनी काय भरले आहे ते एक कुंडी उकरून तपासा. काळी माती असेल तर लाल माती, कोकोपीट, शेणखत किंवा गांडूळखत आणि थोडी निंबोळी पेंड असे मिश्रण करून बदला. हे कोणतेही अ‍ॅप फोटोवरून सांगणार नाही.

लिंबाविषयी: आकसलेले पान उलटे-सुलटे करून उन्हात धरा. त्यावर वेड्यावाकड्या, चंदेरी, चकाकणाऱ्या रेषा दिसत असतील तर ती नागअळी आहे, विषाणू नव्हे. ही अळी पानाच्या वरच्या पातळ त्वचेखाली राहून हिरवा भाग पोखरते, म्हणून पान गुंडाळले जाते. ती कोवळ्या पालवीवरच येते, जुन्या पानांवर नाही. खूप पोखरलेली कोवळी पाने काढून नष्ट करा, नव्या पालवीवर संध्याकाळी कडुनिंबाचे तेल साबणाच्या पाण्यात मिसळून फवारा आणि युरियासारखे नत्र देऊ नका, कारण नत्राने भराभर कोवळी पालवी येते आणि अळीचे फावते. झाड उपटायची काहीही गरज नाही. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी, काळी-पांढरी अळी पानावर सापडली तर ती लिंबावरील फुलपाखराची असते. ती हाताने वेचली तरी पुरते.

रोग-किडींसाठी मोफत आणि मराठीत चालणारे अ‍ॅप हवे असेल तर प्लांटिक्स आहे. जर्मनीतील एका कंपनीने ते शेतकऱ्यांसाठी बनवले आहे आणि आमच्याकडील द्राक्ष, टोमॅटो, कांदा पिकवणारे बरेच जण ते वापरतात. टोमॅटो, मिरची, वांगी, लिंबूवर्गीय झाडे, डाळिंब यांसाठी त्याचा उपयोग होतो. शोभेच्या झाडांसाठी त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नये. उपचारात ते रासायनिक औषधांची नावेही देते, ती शेताच्या मात्रेत असतात. चार वर्षांची मुलगी असलेल्या घरात, गच्चीवरील खाण्याच्या झाडांवर ती मारू नयेत, हे मी आग्रहाने सांगतो. औषधाबाबत शंका असेल तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा मोफत क्रमांक आहे, तेथे मराठीत बोलता येते. सासूबाईंना वाचण्यापेक्षा बोलून विचारणे सोपे वाटत असेल तर हा मार्ग अधिक चांगला.

इंदिरानगरकर

वरील दोघांशी माझा थोडा मतभेद आहे, तो नोंदवते. वर्गणीची अ‍ॅप सरसकट टाकाऊ नाहीत. मी प्लांटा नावाचे स्वीडिश अ‍ॅप वापरते. त्यात प्रत्येक झाडाची वेगळी नोंद ठेवता येते, कुंडीचा आकार आणि खिडकीपासूनचे अंतर भरता येते आणि पाणी, खत, कुंडी बदलणे यांची आठवण मिळते. झाडे जास्त असली आणि घरात दोन-तीन माणसे पाणी घालणारी असली की कोणी पाणी घातले आणि कोणी नाही हेच कळत नाही, आणि जास्त पाण्याने झाडे मरतात ती बहुधा याच कारणाने. मी आठवणीचा अर्थ ‘पाणी घाला’ असा न घेता ‘माती तपासा’ असा घेते आणि तपासून पाणी नको असेल तर ती पुढे ढकलते. असे केल्यावर मखमलाबादच्या दादांनी सांगितलेली अडचण उरत नाही. मात्र निगेचा मजकूर इंग्रजीत आहे, हे खरे.

पिक्चर धिस हेही लोकप्रिय आहे; त्यात ओळख, रोगनिदान आणि निगा सगळे एकत्र मिळते, पण पूर्ण वापर वर्गणीवर अवलंबून आहे आणि उघडताच मोफत चाचणीचा पडदा येतो. त्या पडद्याच्या कोपऱ्यात बारीक खूण असते, ती दाबून पुढे जाता येते.

वर्गणीबाबत एक गोष्ट प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. अ‍ॅप मोबाईलवरून काढून टाकल्याने वर्गणी बंद होत नाही. माझ्या वडिलांनी अशाच एका अ‍ॅपची मोफत चाचणी घेतली, ते काढून टाकले आणि तरीही वर्षाचे पैसे कापले गेले. प्ले स्टोअरमध्ये उजव्या कोपऱ्यातील आपल्या चित्रावर जाऊन ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’ उघडावे आणि तेथून वर्गणी रद्द करावी. यूपीआयने स्वयंचलित परवानगी दिली असेल तर ती यूपीआय अ‍ॅपमधूनही रद्द करता येते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार १ ऑक्टोबर २०२१ पासून अशा आवर्ती वसुलीच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना पाठवणे बंधनकारक आहे. ती सूचना बहुधा एसएमएसने येते आणि जाहिरातींच्या गर्दीत हरवते, म्हणून चाचणी सुरू केली त्याच दिवशी वर्गणी रद्द करून ठेवावी. चाचणीची मुदत संपेपर्यंत अ‍ॅप बहुधा तसेच चालू राहते.

कुंडीतले_हिरवे, पाथर्डी फाटा

सर्वांचे मनापासून आभार. पान तोडताच पांढरा चीक आला, तेव्हा सरांच्या सांगण्याप्रमाणे ती तगरच आहे. लिंबाच्या पानांवर चंदेरी रेषाही स्पष्ट दिसल्या. सासूबाईंना नागअळी दाखवली तेव्हा त्या म्हणाल्या की त्यांच्या माहेरी दिंडोरीला संत्र्याच्या झाडावर हेच यायचे, फक्त नाव माहीत नव्हते.

आणखी दोन शंका आहेत. काही कुंड्यांतील पाने पिवळी पडली आहेत, त्याचे निदान फोटोवरून होईल का? दुसरे असे, की पावसाळ्यात आम्ही हरसूल-त्र्यंबक भागात जातो. तेथे बाजारात आणि रानातही अनोळखी रानभाज्या दिसतात. त्या ओळखायला प्लांटनेट चालेल का?

ब्रह्मगिरी_पायवाट, त्र्यंबकेश्वर

दुसऱ्या शंकेचे उत्तर मी देतो आणि ते ठाम आहे: खाण्यासाठी म्हणून कोणतीही रानवनस्पती अ‍ॅपच्या भरवशावर तोडू नका. बाजारात बसलेल्या बाईकडून भाजी घ्या, तिलाच ती कशी निवडायची आणि कशी शिजवायची ते विचारा, आणि अ‍ॅपचा उपयोग घरी आल्यावर शास्त्रीय नाव शोधण्यापुरता करा.

कारण सांगतो. रानात भाजी तोडण्याची वेळ येते तेव्हा ती कोवळी असते, फूल-फळ नसते, आणि अ‍ॅपच्या संग्रहातील बहुतेक फोटो फुललेल्या झाडांचे असतात. पहिल्या पावसाच्या सुमारास शेवळ्याचा कोंब जमिनीतून वर येतो तेव्हा त्याला पान नसते. त्याच्याच प्रजातीतील दुसरे सुरणवर्गीय कोंबही त्याच सुमारास उगवतात. अ‍ॅपने अमॉर्फोफॅलस एवढे बरोबर सांगितले तरी भाजी करणाऱ्याचे काम भागत नाही, कारण या वनस्पतींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि ते घशाला खाजतात. आमच्याकडील बाया शेवळे नीट निवडून, काकडाची आंबट फळे घालून शिजवतात. ही पद्धत माहीत नसेल तर बरोबर ओळखलेली भाजीही खाता येत नाही.

कंदांचे तर त्याहून अवघड आहे. चाईचा वेल, कडूकंद आणि आणखी काही वेल एकाच डायोस्कोरिया प्रजातीतले आहेत. चाईच्या मोहोराची भाजी आवडीने खातात. कडूकंद कापून, पाणी बदलत अनेकदा उकळल्याशिवाय खात नाहीत. आणि तीन पर्णिकांचा डायोस्कोरिया हिस्पिडा विषारी आहे. अ‍ॅप अनेकदा प्रजातीपाशी थांबते, आणि खाण्याचा प्रश्न सगळा त्यापुढचा असतो. कळलावीचा कंदही रानात सहज हाती लागतो. त्यात कोल्चिसिन असते आणि ते जीवघेणे ठरू शकते. मुलांच्या बाबतीत चंद्रज्योत, म्हणजे मोगली एरंड, ध्यानात ठेवावे. शेताच्या कुंपणाला ती सर्वत्र असते, तिच्या बिया चवीला बऱ्या लागतात आणि त्या खाऊन मुलांना उलट्या-जुलाब होतात.

एक विनंतीही करतो, कारण ती मला महत्त्वाची वाटते. अंजनेरी-ब्रह्मगिरी भागात फिरताना दुर्मीळ वनस्पतीचा फोटो निघाला, तर तो जागेसह समाजमाध्यमांवर टाकू नका. अंजनेरीचे कंदीलपुष्प, सेरोपेजिया अंजनेरिका, ही जाती २००६ मध्ये अंजनेरीच्या डोंगरावरूनच जगाला प्रथम माहीत झाली आणि ती अत्यंत थोड्या जागेत उरली आहे. तिची फुले लहान कंदिलासारखी, देखणी असतात, त्यामुळे लोक ती जागा शोधत येतात, गवत तुडवतात, कधी कंदासकट उपटूनही नेतात. आयनॅचरलिस्टवर संकटग्रस्त जातीची नेमकी जागा आपोआप झाकली जाते आणि नकाशावर सुमारे २०-२२ किलोमीटर बाजूचा चौकोनच दिसतो. समाजमाध्यमांवर असे काही संरक्षण नसते. नोंद करायची असेल तर तेथेच करावी, आणि आपल्या घरच्या गच्चीचे फोटो टाकतानाही जागेची नोंद बंद करण्याची सोय वापरावी.

मखमलाबादची_रोपवाटिका

पिवळ्या पानांचे निदान एका फोटोवरून होत नाही, कारण कोणते पान पिवळे पडले हेच सगळ्यांत महत्त्वाचे असते. खालची जुनी पाने सरसकट पिवळी होत असतील तर बहुधा नत्र कमी आहे. शेंड्याची नवी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या, असे असेल तर लोह कमी पडते आहे. बोअरच्या जड पाण्यावर वाढणाऱ्या कुंड्यांत हे फार दिसते: मातीत लोह असते, पण क्षार साठून माती अल्कधर्मी झाली की मुळांना ते घेता येत नाही. आपल्या इमारतीत बोअरचे पाणी आहे का ते विचारा. असेल तर पावसाचे पाणी पिंपात साठवून गुलाब आणि जास्वंदीला ते द्या, आणि चिलेटेड लोह पाकिटावरील मात्रेतच वापरा. जुनी-नवी सगळी पाने पिवळी, माती ओली आणि तिला कुबट वास येत असेल तर मूळ कुजले आहे. त्या वेळी कोणतेही खत घालू नये, रोप कुंडीतून काढून मुळे पाहावीत.

फोटो काढायचाच तर पूर्ण झाडाचा, शेंड्याचा, खालच्या पानांचा, पानाच्या मागच्या बाजूचा आणि मातीचा असे वेगवेगळे काढा. मागची बाजू विसरू नका, पिठ्या ढेकूण आणि लाल कोळी तेथेच बसतात.

निवृत्त_शिक्षक, गंगापूर रोड

मराठीच्या प्रश्नावर एक सुचवतो. प्रत्येक कुंडीत प्लॅस्टिकची पट्टी खोचून त्यावर घरात रूढ असलेले नाव आणि त्याखाली देवनागरीतच शास्त्रीय नाव लिहा. पाणी किती कोरडे झाल्यावर द्यायचे, हेही दोन शब्दांत लिहा. सासूबाईंना मोबाईल उघडावा लागणार नाही.

आता मांजरीविषयी, कारण त्याचे उत्तर कोणीच दिलेले नाही आणि येथे नावातील गफलत महागात पडू शकते. नर्सरीत ‘लिली’ म्हणून परस्परांशी संबंध नसलेली अनेक झाडे मिळतात. लिलियम प्रजातीतील खऱ्या लिली आणि हेमेरोकॅलिस म्हणजे डे लिली मांजरांसाठी अत्यंत घातक आहेत. फुलाचे पराग अंगावर पडून मांजराने ते चाटले तरी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. अशी झाडे मांजर असलेल्या घरात असूच नयेत. पीस लिली मात्र स्पॅथिफायलम आहे. तिने तोंडाची आणि घशाची आग होते, मूत्रपिंडांना तसा धोका नसतो. मनी प्लांट आणि डिफेनबेकिया यांतही कॅल्शियम ऑक्झलेट असते, आणि डिफेनबेकियाचे खोड चावल्यास लहान मुलांची जीभ सुजते. अडेनियम आणि कण्हेर यांतील द्रव्ये हृदयावर परिणाम करतात, आणि पामसारखा दिसणारा सायकस मांजरांच्या यकृताला घातक आहे. स्पायडर प्लांट आणि अरेका पाम मांजरांसाठी विषारी नाहीत.

म्हणून ‘लिली विषारी आहे का’ असे अ‍ॅपला किंवा जालावर विचारू नका. आधी प्लांटनेटवर फुलासह फोटो देऊन शास्त्रीय नाव मिळवा आणि त्या नावाने शोधा. फूल नसल्यामुळे खात्री होत नसेल तर फुलेपर्यंत ती कुंडी बाल्कनीतून काढून मांजर जात नाही अशा जागी ठेवा. फोटो येथे टाकलेत तर मीही पाहून सांगेन, विशेषतः लांब पट्टीसारख्या पानांच्या ज्या कुंड्या असतील त्यांचे फोटो आधी टाका.